कलचाचणीनं जे विचारलंच नाही

पत्र :

“ताई, मी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढं काय करायचं हे ठरत नाही म्हणून दोन महिन्यांत तीन ऑनलाइन चाचण्या दिल्या. पहिलीचा निकाल आला ‘आय-एस-ए’, म्हणजे शोधक, सामाजिक, कलात्मक. दुसरीनं मला सोळा व्यक्तिमत्त्व-प्रकारांपैकी ‘आयएनएफपी’ ठरवलं. महिन्याभरानं तीच पुन्हा दिली तर ‘आयएसएफजे’ आलं. तिसरीच्या फक्त दोन ओळी फुकट दिसतात, पूर्ण अहवाल पैसे भरल्यावर. त्या दोन ओळी इतक्या माझ्याच होत्या की अंगावर काटा आला. पैसे भरू का? यातली कुठली चाचणी खरी मानू? बाबा रोज विचारतात, ‘काय ठरलं?’ वर्गात सगळ्यांचं ठरलंय असं वाटतं. सुट्टीतही काही उपयोगाचं केलं नाही. विभागातल्या हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, जुनी लेबलं वाचून उतरवून देण्यात तीन आठवडे गेले, वेळ कसा गेला कळलंच नाही. पहिल्या चाचणीचे गुण सोबत पाठवते. – अनिर्णित”

प्रिय अनिर्णित,

तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबले आणि मागं जाऊन ते पुन्हा वाचलं. ‘काही उपयोगाचं केलं नाही’ असं म्हणून तू त्यापुढं जे लिहिलंयस, ते वाक्य. त्याकडे मी येणारच आहे. आधी तू विचारलंस त्याची सरळ उत्तरं देते. पैसे भरू नकोस. आणि कुठली चाचणी खरी, हे असं ठरवता येणार नाही, कारण तिन्ही चाचण्या वेगवेगळ्या गोष्टी विचारत होत्या. तू कुठलं काम करावंस, हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

पहिल्या चाचणीचे गुण पाठवलेस हे फार चांगलं केलंस. बहुतेक मुलं फक्त तीन अक्षरं पाठवतात, आणि त्या तीन अक्षरांवरून मला काहीच सांगता येत नाही. तुझे गुण असे आहेत : हातानं करायची कामं (आर) ९, शोधाची (आय) २६, कलेची (ए) २४, माणसांमधली (एस) २५, पुढाकाराची आणि पटवून देण्याची (ई) ११, नोंदींची आणि व्यवस्थेची (सी) २३. प्रत्येक गटाला दहा प्रश्न, प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, म्हणजे एका गटाला जास्तीत जास्त ४०.

आता हे चार आकडे शेजारी मांडून बघ : २६, २५, २४, २३. अहवालानं पहिले तीन उचलले आणि चौथ्याला दाराबाहेर ठेवलं, एका गुणासाठी. ‘सी’च्या एखाद्या प्रश्नाला तू ‘आवडेल’ऐवजी ‘खूप आवडेल’ म्हणाली असतीस तर ए आणि सी बरोबरीत आले असते. दोन प्रश्नांना तसं म्हणाली असतीस तर ए बाहेर आणि सी आत. मग खाली छापलेली व्यवसायांची यादीही बरीचशी वेगळी आली असती, आणि तू मला ‘माझा निकाल असा आला’ म्हणून ती दुसरीच यादी कळवली असतीस. त्या दिवशी तुला झोप कमी झाली होती का, प्रश्न घाईत वाचलास का, एवढ्यावरून एकदोन गुण इकडचे तिकडे होतात.

हे सहा गट जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे. त्यानं १९५९ मध्ये आपला सिद्धान्त मांडला, आणि आज कॉलेजांमध्ये चालणाऱ्या कितीतरी कलचाचण्यांच्या मुळाशी तोच आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेताना त्याच्या लक्षात आलं होतं की माणसांनी केलेल्या कामांचा इतिहास थोड्याच साच्यांत बसतो. मला ही मांडणी आवडते, कारण माणूस आणि काम दोन्हींबद्दल ती एकाच भाषेत बोलते. पण खुद्द हॉलंडच्या पद्धतीत असं आहे की तीन अक्षरं आली की ती उलटसुलट करून, सहाही क्रमांनी बघायची, आणि सगळ्यात वरचा गट व सगळ्यात खालचा गट यांत अंतर किती तेही तपासायचं. फुकट मिळणाऱ्या अहवालांत ही पायरी बहुधा गळते. तुझे गुण तसे वाचले तर त्यातून खात्रीनं एवढंच निघतं : चार गट वर, दोन खाली. वरच्या चारांत पहिला-दुसरा लावायला जाऊ नकोस.

आणखी एक. हॉलंडनं हे गट षटकोनाच्या सहा कोपऱ्यांवर मांडले आहेत; शेजारचे गट एकमेकांसारखे, समोरासमोरचे सगळ्यात वेगळे. ए आणि सी समोरासमोर येतात. ज्यांना मोकळं, स्वतःच्या मनानं घडवायचं काम आवडतं त्यांना बहुधा काटेकोर नोंदींचा कंटाळा असतो. तुझे दोन्ही गुण वर आहेत. म्हणजे काही चुकलं असं समजू नकोस. सर्वसाधारण माणसांचा कल तसा असतो, प्रत्येकाचा असलाच पाहिजे असं नाही.

आता खालच्या दोनांतला एक बघू. आर ९. त्या गटात यंत्र दुरुस्त करणं, लाकडाच्या वस्तू बनवणं, फरशी बसवणं असले प्रश्न असतात. तू आयुष्यात किती वेळा पाना हातात घेतलायस? खोचून विचारत नाही, खरंच विचारते. न केलेल्या कामाबद्दल ‘आवडेल का’ विचारलं की आपण त्या कामाच्या चित्राला उत्तर देतो, आणि ते चित्र आपण कुठून तरी उसनं घेतलेलं असतं.

म्हणून हे कर. तीच चाचणी पुन्हा उघड. गुण काढायला नव्हे, फक्त प्रश्न वाचायला. वही घे आणि प्रत्येक प्रश्नाच्या क्रमांकापुढं एक अक्षर लिही : हे काम स्वतः केलं असेल तर ‘क’, कुणाला करताना जवळून पाहिलं असेल तर ‘प’, नुसतं ऐकलं असेल तर ‘ऐ’. साठ प्रश्नांना वीसेक मिनिटं लागतील. एका विद्यार्थ्याबरोबर मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्याच्या वहीच्या पानावर वरपासून खालपर्यंत ‘ऐ, ऐ, ऐ’ अशी रांग झाली होती. तोवर तो मला ठामपणे सांगत होता की त्याला माणसांबरोबर काम करायला आवडत नाही. ‘क’ आणि ‘प’ मिळून माणसांमधल्या कामांच्या गटात एकच प्रश्न होता. त्याआधीची काही वर्षं मी मुलांच्या हातात अहवाल देऊन, तीन अक्षरं समजावून त्यांना घरी पाठवत होते. त्या पानानंतर ते बंद केलं. तुझ्या यादीत जिथं ‘क’ आहे तिथलं उत्तर वजनदार मान. जिथं ‘ऐ’ आहे तिथं तुझा कल अजून कळलेलाच नाही असं धर.

दुसऱ्या चाचणीची दोन अक्षरं महिन्याभरात बदलली याचंही तुला वाईट वाटलंय. ही सोळा प्रकारांची पद्धत इसाबेल ब्रिग्ज मायर्स आणि तिची आई कॅथरिन ब्रिग्ज यांनी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचारांवरून तयार केली. चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीत तू इकडची की तिकडची. अडचण या मधल्या रेषेची आहे. वर्गातल्या सगळ्यांना ‘उंच’ आणि ‘बुटके’ अशा दोनच रांगांत उभं केलं, तर मधल्या उंचीची मुलगी जाड तळव्याच्या चपला घालून आली की तिची रांग बदलते. तिची उंची तेवढीच असते. आणि बहुतेक माणसं मधल्या उंचीचीच असतात. तू महिन्याभरात बदलली नाहीस, तू रेषेजवळ आहेस इतकंच. मूळ चाचणी चालवणारेच सांगतात की नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नये. शिवाय फुकट मिळणाऱ्या अनेक चाचण्या तीच अक्षरं वापरतात, पण त्या मूळ चाचणी नसतात. मैत्रिणींशी ‘मी गर्दीत दमते, तू दमत नाहीस’ अशा गप्पा सुरू करायला ती अक्षरं चांगली आहेत. त्यांच्यावरून व्यवसाय निवडू नकोस.

आता अंगावर काटा आणणाऱ्या दोन ओळी. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘स्वतःचं’ व्यक्तिवर्णन ठेवलं. हे तुम्हाला किती लागू पडतं, पाचपैकी गुण द्या, असं सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग उलगडलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तो बराचसा ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला होता. तुझ्या दोन ओळी तशाच आहेत का, हे तूच तपासू शकतेस. त्या कागदावर उतरव, कुठून आल्या ते न सांगता तीन-चार मैत्रिणींना एकेकटीनं दे आणि ‘हे तुझ्याबद्दल किती खरं?’ एवढंच विचार. सगळ्यांच्याच अंगावर काटा आला तर त्या ओळी कुणाच्याच नाहीत.

पुढं कधी पैसे भरून चाचणी द्यायची झालीच, तर आधी त्यांना लेखी विचार : ही चाचणी कुणावर तपासली, तुझ्या वयाच्या आणि तुझ्यासारख्या शिक्षणाच्या मुलांवर की आणखी कुणावर? तीच व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा बसली तर निकाल किती जुळतो? प्रश्न भाषांतरित असतील तर त्या भाषेत चाचणी पुन्हा तपासली होती का? अहवाल समजावून सांगायला माणूस भेटणार का, की नुसती पीडीएफ? आणि तोच माणूस नंतर कुठल्या कोर्सला प्रवेश घ्यायला सांगणार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तिथून उठून ये.

चांगल्या चाचण्याही एक गोष्ट कधी सांगत नाहीत : तुला ते काम जमेल का. एडवर्ड स्ट्राँग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये आणलेली अभिरुची चाचणी सुधारत सुधारत आजही वापरात आहे. तिची मूळ कल्पना अशी की एखाद्या व्यवसायात रुळलेल्या लोकांच्या आवडीनिवडी नोंदवायच्या आणि तुझ्या त्यांच्याशी किती जुळतात ते बघायचं. जुळल्या तर त्या लोकांत तुझं मन रमण्याची शक्यता जास्त. कौशल्याचा त्यात प्रश्नच नाही. ते कळतं अभिक्षमता (अ‍ॅप्टिट्यूड) चाचण्यांतून थोडं, आणि खरं म्हणजे काम करून बघितल्यावर.

व्यवसाय मार्गदर्शनाची सुरुवात ज्याच्यापासून धरतात त्या फ्रँक पार्सन्सनं १९०८ मध्ये बॉस्टनला तरुणांसाठी कार्यालय उघडलं. त्याच वर्षी तो वारला. त्याचं म्हणणं तीन पायऱ्यांचं होतं : स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोन्हींचा मेळ घाला. तू दोन महिने पहिल्याच पायरीवर बसून आहेस आणि तिथंच तीनदा फिरून आलीस. दुसऱ्या पायरीवर अजून पाय ठेवलेला नाहीस. पुढच्या चाचणीपेक्षा तिथं जाण्याची तुला जास्त गरज आहे, आणि तिथं जायची वाट तुला मिळालेली आहे.

हर्बेरियम.

तीन आठवडे, सुट्टीत, कुणी गुण देणार नाही अशा कामासाठी तू रोज जात होतीस. कुठल्याही अहवालापेक्षा मी याला जास्त मानते, कारण इथं तू ‘आवडेल’ म्हणाली नाहीस, तू गेलीस. चाचणीनं हे विचारलंच नव्हतं. विचारलं असेल ते असं काहीतरी : ‘नोंदी आणि अर्ज तपासून दुरुस्त करायला आवडेल का?’ त्यावर तू बहुधा ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ म्हणालीस, कारण तुझ्या डोळ्यांपुढं एखाद्या कचेरीतला फायलींचा ढीग आला असणार. वाळलेल्या पानाखालचं लेबल हीसुद्धा नोंदच असते, हे प्रश्नात लिहिलेलं नव्हतं.

पण थांब, लगेच ‘मी हर्बेरियममध्येच नोकरी करणार’ असंही ठरवू नकोस. त्या तीन आठवड्यांची आधी उकल कर. वहीत लिहून काढ की रोज नेमकं काय काय करत होतीस, आणि त्यातल्या कुठल्या क्षणी घड्याळाचा विसर पडला. जुनं, उतरत गेलेलं अक्षर लावताना? शंभर वर्षांपूर्वीच्या गावाचं नाव आजच्या नकाशावर शोधताना? वनस्पतीचं बदललेलं शास्त्रीय नाव जुळवताना? दिवसाअखेर पन्नास शीट (वनस्पती चिकटवलेले कागद) नीट रचून झालेली दिसत होती, त्यामुळं? खोलीतल्या शांततेमुळं? की शेजारी बसून काम करणाऱ्या माणसांमुळं?

यातलं प्रत्येक उत्तर वेगळ्या दिशेला जातं. अक्षर आणि जुनी गावं यांत जीव रमला असेल तर पुराभिलेखागारातलं, म्हणजे जुनी कागदपत्रं जपण्याचं काम बघ, तिथं वनस्पतीच असायला हवी असं नाही. नावं जुळवण्यात रमला असेल तर वर्गीकरणशास्त्र, म्हणजे पुढचं शिक्षण आणि रानात फिरणं. रचून ठेवण्यात असेल तर संग्रहालयांतलं नमुन्यांचं व्यवस्थापन किंवा वैज्ञानिक माहितीसाठे. पानांच्या कडा बघत राहावंसं वाटत असेल तर वनस्पतींची शास्त्रीय चित्रं काढणारी माणसं आजही आहेत. तुझे ए आणि सी तिथं भांडणार नाहीत. नुसती शांतताच हवीशी वाटली असेल तर तेही मोलाचं आहे, पण मग तुला विषय सापडलेला नाही, कामाची जागा कशी हवी ते सापडलंय.

अशा कामांत दिवसभर काय करतात हे वाचायला ओनेट नावाचा मोफत माहितीसाठा आहे, अमेरिकेच्या श्रम खात्याचा. त्यात नऊशेहून जास्त व्यवसायांचं वर्णन आहे. तिथले पगाराचे आणि मागणीचे आकडे त्या देशाचे, ते सोड. प्रत्येक व्यवसायाखाली प्रत्यक्ष कामांची यादी असते, ती वाच, आणि यादीपुढं तुझी तीच अक्षरं मांड : क, प, ऐ. व्यवसायाच्या नावावर भाळू नकोस. नाव भारदस्त असतं, आणि त्याच्या खालची दहा कामं वाचली की त्यातली सात तुला नकोशी वाटतात, असं पुष्कळदा होतं. उलटंही होतं.

मग माणसं. ‘ऐ’ची ‘प’ करायला दुसरा उपाय नाही. तीन माणसं शोध, प्रत्येकाकडे वीस मिनिटं माग, आणि नोकरीबद्दल एक शब्द काढू नकोस. ‘तुमच्या क्षेत्रात स्कोप आहे का?’ हा प्रश्नही नको. त्याचं उत्तर प्रत्येकजण आपापल्या त्या दिवसाच्या मनःस्थितीप्रमाणं देतो. विचार, ‘कालचा दिवस सकाळपासून कसा गेला, सांगाल?’ विचार, ‘या कामातलं असं काय आहे जे बाहेरच्या कुणाला दिसत नाही?’ विचार, ‘नवीन माणूस आला की पहिले सहा महिने तुम्ही त्याला काय करायला देता?’ हा तिसरा प्रश्न चुकवू नकोस, कारण तुझे पहिले सहा महिने तेच असणार आहेत. बोलणं रंगलं तर अर्धा दिवस शेजारी बसू द्याल का, असं विचार. बहुतेक लोक ‘हो’ म्हणतात, हा माझा अनुभव आहे. आपल्या कामाबद्दल मनापासून विचारणारी माणसं त्यांनाही क्वचित भेटतात.

वर्गातल्या सगळ्यांचं ठरलंय, याबद्दल फार लिहीत नाही. आवडी किती टिकतात यावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये आला, त्यात असं दिसलं की साधारण अठरा ते बावीस या वयात आवडी जास्त पक्क्या होऊ लागतात. म्हणजे वर्गात आज ज्यांचं ठरलंय त्यांचंही पीठ अजून भिजतंयच. तू तुझ्या अहवालांवर तारीख घाल आणि जपून ठेव. हर्बेरियममध्ये नाव बदललं की जुनं लेबल फाडत नाहीत ना? शेजारी नवी चिठ्ठी चिकटवतात, कुणी आणि कधी ठरवलं ते लिहून. दोन वर्षांनी तीच चाचणी पुन्हा दे आणि नवी चिठ्ठी जुन्याशेजारी लाव.

बाबांचं काय? ते रोज विचारतात यात मला रागापेक्षा काळजी जास्त दिसते. त्यांना व्यवसायाचं नाव देता येत नाही म्हणून तू गप्प बसतेस, आणि तुझ्या गप्प बसण्यानं त्यांची काळजी वाढते. नाव देऊ नकोस, कार्यक्रम दे. ‘बाबा, येत्या आठ आठवड्यांत मी तीन माणसांना भेटणार आहे, दोन ठिकाणी अर्धा दिवस बसणार आहे, दर रविवारी काय कळलं ते तुम्हाला सांगेन.’ आणि रविवारी खरंच सांग, न आवडलेलंही सांग. शक्य झालं तर त्या तीनातला एक माणूस त्यांच्या ओळखीतून मिळतो का ते विचार. रोज ‘काय ठरलं’ विचारणाऱ्या माणसाला हातात एक काम मिळालं की त्याचा प्रश्नच बदलतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

पहिलं माणूस शोधायला तुला लांब जावं लागणार नाही. ज्यांनी तुला ती लेबलं उतरवायला दिली, त्यांच्याकडेच जा. सोमवारी, काम सुरू व्हायच्या आधी. त्यांच्या टेबलावर जे शीट उघडं असेल ते बघ आणि विचार की आज यावर काय करणार आहात. मग खुर्ची ओढून बस.

तुझी,
ताई